रस्त्यावरील हक्काचा इतिहास : ॲमस्टरडॅममधील सायकलस्वारांची चळवळ, कायदा आणि वाहनतळ

प्रस्तावना

आधुनिक शहरांचा इतिहास लिहिताना रस्ता हा विषय बहुधा अभियंत्यांकडे सोपविला जातो. रस्त्याची रुंदी, पूल, वाहतुकीचे दिवे यांची नोंद होते. मात्र रस्ता कोणाच्या मालकीचा आणि त्यावर प्रथम अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतिहासाच्या चर्चेत क्वचितच येतो. वस्तुतः रस्ता ही शहरातील सर्वांत मोठी सार्वजनिक जागा होय. तिची वाटणी कशी होते, यावरून त्या समाजातील सत्तासंबंध स्पष्ट होतात.

ॲमस्टरडॅम हे नेदरलँड्समधील शहर आज सायकलींचे शहर म्हणून जगभर ओळखले जाते. या ओळखीची सामान्यतः दोन कारणे सांगितली जातात. पहिले म्हणजे तेथील सपाट भूमी आणि दुसरे म्हणजे डच लोकांच्या अंगवळणी पडलेली जुनी परंपरा. या दोन्ही कारणांत तथ्य असले, तरी ती अपुरी आहेत. भूमी १९५५ मध्ये सपाट होती, तशीच ती १९७० मध्येही होती; तरीही या काळात शहरातील सायकलीचा वापर झपाट्याने घसरला. परंपरा एवढी बळकट होती, तर ती मोटारीपुढे एका पिढीत का नमली आणि पुढच्या पिढीत पुन्हा कशी उभी राहिली, याचा उलगडा या कारणांनी होत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ॲमस्टरडॅममधील सायकलस्वारांचा रस्त्यावरील हक्क हा भूगोलाचे वा परंपरेचे देणे नसून, संघटित नागरिकांची मागणी, नगरपालिकेचे राजकारण आणि कायदा यांच्या संयोगातून तो सुमारे पन्नास वर्षांत घडत गेला. हा हक्क एकदा मिळाला म्हणून कायमचा टिकला असेही झाले नाही. प्रत्येक टप्प्यावर त्याची पुनर्मांडणी करावी लागली.

१. पूर्वपीठिका : बहुसंख्य, पण दुर्बल

नेदरलँड्समध्ये सायकलस्वारांची पहिली राष्ट्रीय संघटना १८८३ मध्ये स्थापन झाली. ‘एएनडब्ल्यूबी’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. प्रारंभी तिने सायकलस्वारांसाठी मार्गदर्शक फलक उभारले आणि चांगल्या रस्त्यांचा आग्रह धरला. त्या काळी सायकल हे सुखवस्तू वर्गाचे वाहन होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ती स्वस्त झाली आणि कामगार, कारकून, विद्यार्थी, गृहिणी अशा सर्वांच्या हाती आली. संघटनेचे लक्ष मात्र याच काळात क्रमाक्रमाने मोटारीकडे वळले आणि कालांतराने ती मुख्यतः मोटारधारकांची संघटना बनली.

सायकल सर्वांची झाली तशी ती कराचेही साधन बनली. १९२४ मध्ये सरकारने सायकलींवर दरवर्षी तीन गिल्डरचा कर बसविला. कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीवर लावणे बंधनकारक होते. १९३० च्या मंदीत बेरोजगारांना हा बिल्ला विनामूल्य मिळे, परंतु त्याला छिद्र पाडलेले असे. त्यामुळे बिल्ल्यावरूनच स्वाराची परिस्थिती लोकांच्या ध्यानात येई. १९४१ मध्ये, जर्मन अंमलाखाली असताना, हा कर रद्द झाला. रस्त्यावर बहुसंख्य सायकलस्वारच होते, कर तेही भरत होते, परंतु धोरण ठरविताना त्यांचा विचार होत नव्हता, असे या काळाचे वर्णन करता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे दौर्बल्य अधिक ठळक झाले. १९६० मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे पाच लाख मोटारी होत्या. १९७० पर्यंत ही संख्या सुमारे पंचवीस लाखांवर गेली. सतराव्या शतकातील कालव्यांभोवती वसलेल्या ॲमस्टरडॅमच्या अरुंद रस्त्यांना हा भार पेलणे अशक्य होते. यावर सुचविण्यात आलेले उपाय पाहिले म्हणजे त्या काळची मनोभूमिका ध्यानात येते. १९५४ मध्ये शहराचे पोलीसप्रमुख हेंड्रिक कासयागर यांनी वाहतुकीसाठी काही कालवे बुजविण्याची सूचना केली. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी तज्ज्ञाने जुन्या वस्त्या हटवून शहराच्या मध्यभागापर्यंत द्रुतगती मार्ग आणण्याचा आराखडा मांडला. दोन्ही योजना प्रत्यक्षात आल्या नाहीत. तथापि मोटारीसाठी शहर बदलावे, हे त्यांमागील गृहीतक बराच काळ प्रभावी राहिले. १९५० च्या दशकात शहरातील प्रवासात सायकलीचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश होता. १९७० च्या सुमारास तो एक-चतुर्थांशाजवळ आला.

२. पांढऱ्या सायकलींची योजना

या गृहीतकाला पहिले जाहीर आव्हान ‘प्रोव्हो’ या तरुणांच्या गटाने दिले. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये उदयास आलेल्या या गटातील लूड स्खिमेलपेनिंक यांनी ‘पांढऱ्या सायकलींची योजना’ मांडली. शहराचा मध्यभाग मोटारींना बंद करावा, नगरपालिकेने दरवर्षी वीस हजार सायकली विकत घेऊन त्या पांढऱ्या रंगवाव्यात आणि कोणाही नागरिकाने त्या हव्या तेथून घ्याव्यात व हव्या तेथे सोडाव्यात, अशी ती कल्पना होती. गटाने काही सायकली रंगवून कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. कुलूपाविना सायकल रस्त्यावर ठेवणे नियमबाह्य असल्याने पोलिसांनी त्या जप्त केल्या. स्खिमेलपेनिंक पुढे नगरपालिकेत निवडून आले, तरी त्यांची योजना तेथे फेटाळली गेली. प्रोव्हो हा गट १९६७ मध्ये विसर्जित झाला.

व्यावहारिक दृष्टीने ही योजना अयशस्वी ठरली, तरी तिने वादाचे स्वरूप बदलले. मोटारीला जागा कशी करून द्यावी, हाच तोवरचा प्रश्न होता. मुळात ती जागा मोटारीला का द्यावी, असा प्रश्न आता विचारला जाऊ लागला. जगातील अनेक शहरांत पुढे आलेल्या सार्वजनिक सायकल योजनांची पूर्वज म्हणून पांढऱ्या सायकलींचा उल्लेख होतो, तो याच कारणास्तव होय.

३. मुलांचे मृत्यू आणि नैतिक अधिष्ठान

प्रोव्होची मागणी बंडखोर तरुणांची होती, सामान्य कुटुंबांची नव्हे. सामान्य कुटुंबांना रस्त्यावर आणले ते अपघातांनी. १९७१ मध्ये नेदरलँड्समधील रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. शाळेत सायकलीने वा पायी जाणारे मूल संध्याकाळी घरी परतेल की नाही, ही धास्ती घरोघर होती.

फिक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी १९७१ मध्ये अशाच एका अपघातात दगावली. पुढील वर्षी त्यांनी ‘दे टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याचे शीर्षक ‘स्टॉप द किंडरमोर्ड’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’ असे होते. या लेखातून त्याच नावाची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये फान पुटेन या पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या.

या संघटनेच्या नावात एक महत्त्वाचा वैचारिक बदल सामावलेला आहे. ‘अपघात’ या शब्दात दैवाचा भाग असतो, तर ‘हत्या’ या शब्दात कर्ता गृहीत असतो. मुलांचे मृत्यू हे दुर्दैव नसून एका विशिष्ट धोरणाचा परिणाम आहेत, ही भूमिका त्या एका शब्दाने समाजापुढे ठेवली. सायकलस्वाराचा प्रश्न आता आवडीनिवडीचा राहिला नाही. तो जगण्याच्या हक्काचा झाला.

याच सुमारास ॲमस्टरडॅममधील डे पाइप या दाट वस्तीच्या कामगार भागातील मुलांनी आपल्या गल्ल्या खेळण्यासाठी मोटारींना बंद कराव्यात, अशी मागणी केली. १९७२ मधील एका दूरचित्रवाणी माहितीपटातून ती देशभर पोहोचली. मुले सह्या गोळा करीत होती, गल्ली अडवीत होती आणि मोटारचालक त्यांच्यावर खेकसत होते. रस्त्याच्या मालकीचा वाद इतक्या थेट स्वरूपात प्रेक्षकांनी यापूर्वी क्वचितच पाहिला असावा.

४. तेलसंकट, संघटना आणि सायकल फेऱ्या

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलउत्पादक अरब राष्ट्रांनी नेदरलँड्सला तेलपुरवठा बंद केला. परिणामी ४ नोव्हेंबर १९७३ ते ६ जानेवारी १९७४ या काळात दर रविवारी खासगी मोटारी चालविण्यास बंदी घालण्यात आली. मोकळ्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन, चाकांच्या बुटांवरून, क्वचित घोड्यांवरूनही फिरले. या बंदीचा हेतू इंधनबचतीचा होता. परंतु मोटारीविना शहर कसे दिसते, याचा अनुभव तिने संपूर्ण समाजाला दिला. चळवळीला यामुळे दाखवण्याजोगे उदाहरण मिळाले. तेलसंकटाने चळवळ निर्माण केली असे म्हणणे मात्र कालक्रमाला धरून होणार नाही. कारण बालहत्याविरोधी संघटना आणि डे पाइपमधील आंदोलन हे दोन्ही त्याआधीचे होत.

१९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने आपल्या नावात ‘पहिली, एकमेव, खरी’ अशी विशेषणे मुद्दाम घातली. जुनी संघटना मोटारधारकांची झाल्याबद्दलचा हा उघड टोमणा होता. नावातील साधर्म्यावरून जुन्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि नव्या संघटनेला नाव बदलावे लागले. पुढे तीच संघटना ‘फीट्सर्सबॉन्ड’, अर्थात सायकलस्वार संघ, या नावाने ओळखली जाऊ लागली. सायकलस्वारांनी स्थापन केलेल्या संस्थेनेच सायकलस्वारांना नावावरून न्यायालयात खेचावे, यावरून नव्वद वर्षांतील स्थित्यंतराची कल्पना येते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲमस्टरडॅममध्ये मोठ्या सायकल फेऱ्या निघू लागल्या. हजारो स्त्री-पुरुष मुलाबाळांसह त्यांत सामील होत. काही प्रसंगी आंदोलक आपल्या सायकलींसह रस्त्यावर आडवे होत आणि अपघातात मेलेल्यांचे दृश्य उभे करीत. आज अनेक शहरांत सायकल फेरी हा आरोग्याचा किंवा उत्सवाचा कार्यक्रम असतो. ॲमस्टरडॅममधील या फेऱ्यांतही उत्सवाचा भाग होता. तथापि त्यांच्या मागण्या नेमक्या होत्या आणि त्या नगरपालिकेला उद्देशून होत्या.

त्यांचा परिणाम निवडणुकीच्या राजकारणावर झाला. मेट्रोसाठी निउमार्क्ट भागातील घरे पाडण्याविरुद्ध मार्च १९७५ मध्ये झालेल्या तीव्र संघर्षामुळे जुन्या नगररचनेवरील लोकांचा विश्वास आधीच डळमळला होता. १९७८ मध्ये मजूर पक्षाचे मिखाएल फान देर फ्लिस यांच्याकडे शहराच्या वाहतुकीची जबाबदारी आली आणि त्याच वर्षी नगरपालिकेने नवा वाहतूक आराखडा स्वीकारला. मोटारींची आवक मर्यादित ठेवणे आणि सायकल व सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य देणे हे त्याचे सूत्र होते. रस्त्यावरची घोषणा येथे प्रथमच प्रशासनाच्या कागदावर उतरली.

५. एका मार्गाकडून जाळ्याकडे

मागणी मान्य झाल्यावर ती अमलात कशी आणावी, हा प्रश्न उभा राहिला. याची उत्तरे ॲमस्टरडॅमबाहेरच्या शहरांतूनही आली. केंद्र सरकारच्या साहाय्याने १९७० च्या दशकात टिलबर्ग आणि हेग या शहरांत स्वतंत्र सायकलमार्गांचे प्रयोग झाले. हेगमधील दुकानदारांनी गिऱ्हाईक कमी होईल या भीतीने त्यांना विरोध केला. पाहणीत असे आढळले की, एकच उत्तम मार्ग बांधल्याने आजूबाजूच्या रस्त्यांवरचे सायकलस्वार तिकडे वळतात. परंतु नवे सायकलस्वार फारसे वाढत नाहीत. त्यावरून धडा घेऊन १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहरात घर, शाळा, बाजार आणि स्थानक यांना जोडणारे सायकलमार्गांचे संपूर्ण जाळे विणण्यात आले. निवासी गल्ल्यांत मोटारीने पायी चालणाऱ्याच्या वेगाने जावे, या ‘वोनएर्फ’ संकल्पनेला १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली होती.

सुटा मार्ग शोभेचा ठरतो आणि सुरक्षितता जाळ्यातून येते, हे तत्त्व या प्रयोगांतून सिद्ध झाले. सायकलस्वाराची सुरक्षितता त्याच्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत धोकादायक चौकावर अवलंबून असते.

६. कायद्यातील स्थान

रस्त्याची रचना बदलली तरी अपघात पूर्णतः टळत नाहीत. अपघातानंतर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. नेदरलँड्सच्या १९९४ च्या रस्ता वाहतूक कायद्यातील कलम १८५ नुसार, मोटार आणि सायकलस्वार वा पादचारी यांच्यातील अपघातात नुकसानभरपाईची जबाबदारी प्रथमतः मोटारधारकावर येते. अपघात अनिवार्य होता, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या आरंभी दिलेल्या निर्णयांतून याविषयीचे दोन नियम स्थिर झाले. बळी चौदा वर्षांखालील मूल असेल तर सामान्यतः संपूर्ण भरपाई द्यावी लागते. प्रौढ व्यक्तीची स्वतःची चूक असली तरी किमान निम्मी भरपाई मिळते. हेतुपुरस्सर वा तत्सम बेपर्वाईचे वर्तन याला अपवाद आहे.

या तरतुदीविषयी एक गैरसमज आढळतो. मोटारचालक नेहमीच गुन्हेगार ठरतो, असा तिचा अर्थ नाही. ती दिवाणी भरपाईची व्यवस्था आहे आणि ती भरपाई बहुधा विमा कंपनी देते. जो अधिक वजनाचे व वेगाचे यंत्र रस्त्यावर आणतो, त्याने त्या यंत्राच्या धोक्याचा भार वाहावा, हे तिच्यामागील तत्त्व होय.

सर्वच नियम मात्र एवढ्या लवकर बदलले नाहीत. समान दर्जाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला प्राधान्य, हा तेथील सर्वसाधारण नियम असला तरी सायकलस्वाराला मोटारीच्या संदर्भात तो १ मे २००१ पासून लागू झाला. तोपर्यंत उजवीकडून आलेल्या सायकलस्वारालाच थांबावे लागे. सायकलींचा देश मानल्या गेलेल्या राष्ट्रातही चौकातील समतेसाठी एकविसावे शतक उजाडावे लागले, ही बाब परंपरेवर भर देणाऱ्या स्पष्टीकरणाची मर्यादा दाखविते.

७. वाहनतळ : यशातून निर्माण झालेला प्रश्न

हक्काचा विचार सामान्यतः चालत्या सायकलीच्या संदर्भात होतो. परंतु प्रत्येक सायकल दिवसातील बहुतेक वेळ उभी असते. सायकलींची संख्या वाढली तसे ॲमस्टरडॅममधील पुलांचे कठडे, दिव्यांचे खांब आणि पदपथ सायकलींनी भरून गेले. पादचारी, वृद्ध, अंध व्यक्ती आणि बाळगाडी ढकलणारे पालक यांची अडचण होऊ लागली. ज्यांनी मोटारीने जागा बळकावल्याची तक्रार केली होती, त्यांच्यावरच आता जागा बळकावल्याचा आरोप होऊ लागला.

मध्यवर्ती रेल्वे स्थानकापाशी हा प्रश्न सर्वांत तीव्र होता. तेथे २००१ मध्ये सुमारे २,५०० सायकलींसाठी बहुमजली सायकल स्टँड उभारण्यात आला. तो तात्पुरता म्हणून बांधला होता. परंतु वर्षानुवर्षे वापरात राहिला आणि शहराची एक खूणच बनला. जानेवारी २०२३ मध्ये स्थानकासमोरील पाण्याखाली सुमारे सात हजार सायकलींचा वाहनतळ खुला झाला आणि त्यानंतर लगेचच स्थानकाच्या दुसऱ्या बाजूस सुमारे चार हजार सायकलींचा आणखी एक. पहिल्या चोवीस तासांसाठी शुल्क नाही. त्याचबरोबर बेवारस आणि अडथळा ठरणाऱ्या सायकली उचलून नेण्याची व्यवस्थाही नगरपालिकेने राबविली.

या व्यवस्थेतून हक्काचे दुसरे अंग पुढे येते. सोय उपलब्ध करून दिल्याविना सायकल उचलून नेणे अन्यायाचे ठरते; सोय असूनही पदपथ अडविणे हा पादचाऱ्यावरील अन्याय ठरतो. १९६५ मध्ये पोलिसांनी पांढऱ्या सायकली उचलल्या, तेव्हा प्रशासन सायकलीला रस्त्यावरील अडथळा मानत होते. २०२३ मधील प्रशासन सायकली उचलते, तेव्हा त्याने त्यांच्यासाठी हजारो जागा आधी निर्माण केलेल्या असतात. कृती सारखीच असली, तरी तिचा अर्थ बदललेला आहे.

८. राइक्सम्युझियमचा बोगदा : एक दृष्टान्त

मिळालेला हक्क किती असुरक्षित असतो, याचे उदाहरण म्हणून राइक्सम्युझियमचा वाद पाहता येईल. पीएर काउपर्स यांनी रचना केलेली ही इमारत १८८५ मध्ये पूर्ण झाली. तिच्या मधून शहराचा एक मार्ग जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या सायकलस्वार तो वापरत आले. २००३ मध्ये नूतनीकरणासाठी संग्रहालय बंद झाले. नव्या रचनेत भव्य प्रवेशद्वारासाठी सायकलस्वारांची जागा कमी करण्याचा, पुढे त्यांना तेथून वगळण्याचाही विचार मांडला गेला. पादचारी प्रेक्षकांची सुरक्षितता हे त्यासाठी दिलेले प्रमुख कारण होते.

सायकलस्वार संघ आणि परिसरातील रहिवासी यांनी याला दीर्घकाळ विरोध केला. एप्रिल २०१३ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले आणि मे २०१३ मध्ये तो मार्गही सायकलींसाठी खुला झाला. एका बाजूला राष्ट्रीय वारसा, दुसऱ्या बाजूला रोजची ये-जा, असा हा संघर्ष होता. रोजची ये-जा हाही शहराचा वारसाच आहे, ही भूमिका अखेर टिकली.

९. मर्यादा आणि नवे प्रश्न

हा इतिहास अखंड विजयाचा नाही. मार्च १९९२ मध्ये शहराच्या मध्यभागातील मोटारी कमी कराव्यात काय, यावर ॲमस्टरडॅममध्ये सार्वमत झाले. मोटारी कमी करण्याच्या बाजूने जेमतेम ५३ टक्के मते पडली आणि मतदान सुमारे एक-चतुर्थांश नागरिकांनीच केले. म्हणजे चळवळीला वीस वर्षे झाल्यावरही शहर दुभंगलेले होते.

सुरक्षिततेच्या बाबतीतही चित्र संमिश्र आहे. रस्त्यावरील मुलांच्या मृत्यूंची वार्षिक संख्या १९७१ मधील चारशेहून २०१० च्या सुमारास पन्नासच्याही खाली आली. याचे श्रेय केवळ सायकलमार्गांना देता येणार नाही; वेगमर्यादा, आसनपट्टे, सुधारलेली वाहने आणि वैद्यकीय उपचार यांचाही त्यात वाटा आहे. दुसरीकडे, २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २९१ सायकलस्वार रस्त्यांवर मृत्युमुखी पडले. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि विजेवर चालणाऱ्या सायकलींचा प्रश्नही पुढे आला. सायकलमार्गांवर वेगवान वाहने आल्याने धोका नव्या रूपात परतला. एप्रिल २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमने हलक्या स्कूटरींना वळणमार्गाच्या आतील बहुतेक सायकलमार्गांवरून मुख्य रस्त्यावर आणले, तर डिसेंबर २०२३ मध्ये बहुसंख्य रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लागू केली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सपाट भूमी आणि सायकलीची सवय या अनुकूल बाबी होत्या, पण त्या निर्णायक नव्हत्या. त्या असतानाही सायकलीचा ऱ्हास झाला होता. दुसरा, चळवळीला बळ आले ते तिने सायकलीचा प्रश्न मुलांच्या जीविताशी जोडला तेव्हा. तिसरा, मोर्चे आणि फेऱ्या यांचे रूपांतर नगरपालिकेच्या आराखड्यात झाले, म्हणूनच त्यांचा परिणाम टिकला. चौथा, कायद्याने जबाबदारीचा भार बलवान वाहनावर ठेवला, त्यामुळे दुर्बलाचा हक्क चालकाच्या सौजन्यावर अवलंबून राहिला नाही. पाचवा, वाहनतळ आणि राइक्सम्युझियम यांच्या वादांनी दाखविले की, सायकलस्वाराचा हक्क पादचाऱ्याच्या हक्काशी सुसंगत ठेवावा लागतो.

ॲमस्टरडॅमचे यश परंपरेच्या खात्यावर जमा केले, तर इतर शहरांना स्वतःच्या निष्क्रियतेसाठी सोयीचे निमित्त मिळते : ‘त्यांची भूमी वेगळी, त्यांचे लोक वेगळे.’ इतिहास हे निमित्त मान्य करीत नाही. १९७१ मध्ये ॲमस्टरडॅमही मोटारींनी गजबजलेले आणि मुलांच्या मृत्यूंनी हादरलेले शहर होते. त्याने जे बदलले ते निर्णयाने बदलले, आणि ते निर्णय घेण्यास नागरिकांनी भाग पाडले.